हात चालतो, पण मन लागत नाही

"मॅडम, माझ्यातली कला संपली का?" हा प्रश्न मला समुपदेशक म्हणून वरचेवर ऐकायला मिळतो. विचारणारे नाना प्रकारचे असतात. लग्नाच्या फोटोंवरून पोर्ट्रेट करून देणारे, गणपतीच्या दिवसांत मखरांची डिझाइनं करणारे, पुस्तकांची मुखपृष्ठं करणारे, केकवर क्रीमची फुलं काढणाऱ्या सुद्धा. तक्रार मात्र एकच. पूर्वी काम करताना जेवणाची शुद्ध नसायची, आता कागद समोर आला की पोटात गोळा येतो. ऑर्डरी वेळेवर जातात, गिऱ्हाईक खूश असतं, आणि करणाऱ्याला त्याचं काही म्हणजे काही वाटत नाही.

इथे सांगते ती हकिगत डोंबिवलीकडच्या एका जलरंग चित्रकार बाईंची. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच भेटींमधलं बोलणं थोडक्यात दिलं आहे. बाई कमर्शियल आर्ट शिकलेल्या. नोकरी सोडून पोर्ट्रेटच्या ऑर्डरी घेऊ लागल्या आणि रविवारी मुलांचा क्लास. व्हॉट्सअ‍ॅपवर धूसर फोटो यायचे आणि सोबत सूचना: "नाक जरा सरळ करा", "बाबा वारलेत, पण लग्नाच्या चित्रात ते मागे उभे हवेत, हसरे." असं चित्र बिघडवायची सोय नसते. त्यात इन्स्टाग्रामवर रोज एक रील. शेवटी त्या पंधरा दिवस कोकणात जाऊन राहिल्या. वही नेली होती, ती कोरीच परत आली, आणि मग घाबरून माझ्याकडे आल्या.

अशा वेळी जो तो "थोडी विश्रांती घ्या" सांगतो. मला तो सल्ला अर्धवट वाटतो. विश्रांतीने पाठ आणि डोळे सुधारतात. "प्रत्येक चित्र चांगलंच झालं पाहिजे" हा हट्ट मात्र बॅगेत बसून कोकणातही येतो.

आधी एक खात्री करून घ्यावी लागते: हा कामाचा थकवा, म्हणजे बर्नआउट आहे, की नैराश्य. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या नव्या वर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या दिली, तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही. कामाशी जोडलेली अवस्था म्हटलं. त्याच्या तीन खुणा: गळून गेल्यासारखं वाटणं, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्याकडून काही नीट होत नाही ही भावना. पण उदासी कामाच्या टेबलापुरती न राहता दोन आठवड्यांहून जास्त काळ दिवसभर व्यापून राहिली, झोप-भूक बिघडली, कशातच रस उरला नाही, तर ते नैराश्य असू शकतं आणि डॉक्टरांना दाखवायला हवं. जगणं नको असे विचार येत असतील, तर दोन आठवडे वाट बघायची नाही. टेली-मानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी नंबर मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो. या बाई घरात हसत होत्या, मैत्रिणींत रमत होत्या, लेकाचा अभ्यास घेत होत्या. अडत होतं ते फक्त ब्रश हातात घेतल्यावर.

सुरुवातीच्या एका भेटीत मी त्यांना अलीकडचं, मनापासून आवडलेलं एक काम आणायला सांगितलं. त्या भली मोठी फाइल घेऊन आल्या. एकेक पोर्ट्रेट उलटत गेल्या, आणि प्रत्येकाबद्दल काय चुकलं तेवढंच त्यांना सांगता येत होतं. फाइलच्या मागच्या कप्प्यातून कागदाच्या दोन-तीन पट्ट्या खाली पडल्या.

"हे काय?"

"काही नाही, कचरा. चित्रावर लावायच्या आधी टोन बघायला वापरते."

"मग टाकल्या का नाहीत?"

त्यांनी एक पट्टी उचलली आणि खिडकीकडे धरली. "हे बघा ना. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी, ओल्यावर ओला सोडलाय. निळ्याचे कण गोळा होऊन कागदाच्या खळग्यांत जाऊन बसलेत. आणि ही कड दिसते? रंग अर्धवट वाळला असताना पाण्याचा थेंब पडला, की रंग बाहेर ढकलला जाऊन अशी फ्लॉवरसारखी कड फुटते. पोर्ट्रेटमध्ये, गालावर, हे झालं तर कागद फुकट." मग त्या बराच वेळ त्या पट्टीबद्दल बोलत राहिल्या. फाइलमधल्या एकाही चित्राबद्दल एवढं बोलल्या नव्हत्या.

"ह्या पट्ट्या करताना पोटात गोळा येतो?"

"ह्यावर कशाला येईल? हे कोण बघणार आहे?"

बोलून झाल्यावर त्याच थबकल्या. मीही घाई केली नाही. अशा वेळी समुपदेशकाने बोलू नये, असं माझं ठाम मत आहे. आपण जे समजावणार असतो, ते समोरच्याने स्वतःच म्हटलेलं असतं. त्यांचा आनंद संपला नव्हता. जिथे तपासणी नाही अशा जागेत तो जाऊन बसला होता, आणि ती जागा उरली होती एका चिठोऱ्याएवढी.

ही कुणा एकीची गंमत नाही. १९७३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेतला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. चित्रं काढायला मुळातच आवडणारी तीन ते पाच वर्षांची मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना काढून झाल्यावर अचानक दिलं, काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात बघितलं, तर कबूल करून बक्षीस दिलेली मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड टिकून होती. म्हणजे बिघाड पैशात किंवा कौतुकात नाही. ते मिळवण्यासाठी चित्र काढायला बसण्यात आहे.

त्यावरून आम्ही जे ठरवलं ते नेमकं सांगते, कारण "स्वतःसाठी काढा" असं मोघम सांगून कुणाचं काही होत नाही. जलरंगाच्या जाड, ३०० जीएसएमच्या कागदाच्या पूर्ण शीटचं, म्हणजे २२ बाय ३० इंचांचं, माप चार वेळा निम्मं करायचं. दर वेळी घडी दोन्ही बाजूंनी नखाने दाबून हाताने फाडायची. साडेपाच बाय साडेसात इंचांचे सोळा तुकडे होतात. कात्री नको, फाटकी कड बघून "नीट" काढायचा मोह कमी होतो. कागद पातळ घेतला तर पाण्याने फुगतो आणि चिडचिड त्याचीच होते, म्हणून काटकसर मापात करायची, जाडीत नाही. रंग तीनच: अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, यलो ऑकर. एक जाड गोल ब्रश. पेन्सिल आणि खोडरबर टेबलावर नको. आठवड्यातून चार दिवस, वीस मिनिटांचा टायमर, आणि तो वाजला की चित्र अर्धं असलं तरी उठायचं. अर्धवट राहिलेलं दुसऱ्या दिवशी टेबलाकडे ओढतं. चेहरे काढायचे नाहीत, कारण चेहरा ही त्यांची रोजीरोटी. फोटो काढायचा नाही, घरात कुणाला दाखवायचं नाही. आणि ड्रायर वापरायचा नाही. पावसाळ्यात कागद वाळायला वेळ लागतो तर लागू दे. रंग कुठे सरकतो हे बघणं त्याच वेळात होतं.

हे कुठे फसतं, तेही ठरलेलं आहे. पहिल्या दिवशी मजा येते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मन त्याचं "चॅलेंज" करतं: सलग तीस दिवस, क्रमांक घालून. मग एक दिवस चुकला की सगळंच सुटतं. दुसरी खोट म्हणजे नवीन रंगांची खरेदी. दुकानात जो उत्साह वाटतो तो खरेदीचा असतो आणि घरी येईपर्यंत टिकत नाही. तिसरी सगळ्यात चिवट. या बाईंनाही तिनेच अडवलं.

"हे तुकडे सुद्धा घाण होतायत मॅडम. मी प्रोफेशनल आहे. एवढंही जमत नसेल तर मी पेंटर कसली?"

"क्लासमधल्या मुलीने पातळ रंगाचा वॉश बिघडवला तर तिला म्हणता, तू पेंटर कसली?"

"छे! म्हणते, पाणी जास्त झालं."

"मग स्वतःला काय म्हणाल?"

त्या हसल्या, आणि डोळे पुसले. "पाणी जास्त झालं."

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ पद्धतीच्या अंगाने काम करते आणि तिचं सगळं सार मला या वाक्यात सापडतं. चूक चित्राची. ती चित्रापुरती सांगायची, काढणाऱ्यावर शेरा मारायचा नाही. "चांगलं झालं तर मला आवडेल" आणि "चांगलं झालंच पाहिजे" या दोन वाक्यांपैकी हात आखडतो तो दुसऱ्याने. त्यांनी टेबलावर चिकटपट्टी लावून लिहून ठेवलं: पाणी जास्त झालं. पाच-सहा आठवड्यांत वीस मिनिटांनंतर उठणं त्यांच्या जिवावर येऊ लागलं. माझ्या अनुभवात यापेक्षा चांगली खूण नाही.

ऑर्डरी सोडायला मी सांगितलं नाही. घराचा हप्ता भरायचा असतो आणि "पॅशन"च्या नावाखाली उत्पन्न बंद झालं की नवी भीती तयार होते. ऑर्डरींना कुंपण मात्र घातलं. निम्मी रक्कम आगाऊ. मंजुरी पेन्सिलच्या कच्च्या रेखाटनावर, रंग लागल्यावर बदल नाही. जलरंगात तो नीट होतही नाही. रेखाटनात दुरुस्त्या दोनदा, तिसऱ्यांदा वेगळे पैसे. दिवंगत माणूस चित्रात हवा असेल तर जास्त दिवस आणि जास्त दर, कारण ते काम नुसतं हाताने होत नाही. रोजची रील आठवड्यावर आली. दोन गिऱ्हाइकं गेली, बाकीच्यांनी कुरकुर न करता मान्य केलं. ऑर्डरीचे ब्रश आणि तुकड्यांचा ब्रश वेगळे, जागाही वेगळी. तुकडे स्वयंपाकघराच्या ओट्यावर होतात.

शेवटच्या भेटीत त्यांनी विचारलं, "आता त्यातले काही टाकू का इन्स्टावर? एकीने चुकून बघितले, विकत मागतेय."

मी म्हटलं, तीन महिन्यांपूर्वीचे असतील तेच दाखवा, कालचे नको. विकायलाही हरकत नाही. काढून झाल्यावर मिळालेल्या बक्षिसाने त्या मुलांचं काही बिघडलं नव्हतं. पण "अगदी असंच अजून एक, निळं जरा कमी" असं कुणी म्हणालं, तर त्याला ऑर्डरीचा दर सांगायचा आणि ते चित्र ऑर्डरीच्या टेबलावर करायचं.