गुडघा अर्धाच बदललाय, मग इतके दिवस का?

ताई,
मी ६१ वर्षांची, डोंबिवलीला राहते. तिसरा मजला, लिफ्ट नाही. गेली ३५ वर्षं घरीच पायमशीनवर ब्लाउज शिवते. चार वर्षं लंगडत काढली, शेवटी सात आठवड्यांपूर्वी उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन केलं. डॉक्टर म्हणाले, आतल्या बाजूचीच गादी झिजलीय, अर्धाच बदलू, लवकर उठाल. खालच्या मजल्यावरच्या वहिनींचा पूर्ण गुडघा माझ्यानंतर चार दिवसांनी बदलला. त्या काठीशिवाय देवळात जातात. मी अजून उजव्या हातात काठी धरून घरातल्या घरात. संध्याकाळी गुडघा गरम लागतो, टाक्यांच्या बाहेरची कातडी बधिर आहे, गुडघ्याखाली लोड घेतल्याशिवाय झोप नाही. वाकतो १०५ अंशांपर्यंत.

मागच्या सोमवारी एकदम हलकं वाटलं. काठी न घेता खाली उतरले, भाजी आणली, वर येऊन ओटा आणि फळ्या पुसल्या, संध्याकाळी मशीनवर बसून एक ब्लाउज पुरा केला. मंगळवारी सकाळी गुडघा नारळाएवढा. तीन दिवस पलंगावर. हे रोज माझ्या व्यायामाची वही लिहितात. बुधवारी त्यांनी “आज किती लिहू?” असं विचारलं आणि मी वही हातातून ओढून भिरकावली. ते काही बोलले नाहीत. वही उचलून ठेवली आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. ३८ वर्षांच्या संसारात मी असं कधी वागले नव्हते. ऑपरेशन फसलं का? गणपती तीन आठवड्यांवर आलेत, गौरीच्या ब्लाउजच्या ऑर्डरी पडून आहेत, आणि माझ्यात धीरच उरला नाही.
– एक शिवणकाम करणारी

नमस्कार,

तुमच्या सोमवारपासूनच सुरुवात करते, कारण सगळं पत्र त्या एका दिवसाभोवती फिरतंय. तुम्ही त्याबद्दल चारच वाक्यं लिहिलीत, पण मी ती पुन्हा वाचली आणि मोजली. तीन मजले उतरणं, तीन मजले चढणं, तेही हातात भाजीची पिशवी घेऊन. मग ओट्यापाशी उभं राहणं, फळ्यांसाठी टाचा उचलणं. मग गुडघा वाकवून तास-दीड तास मशीनवर. सहा आठवडे घरातल्या घरात चालणाऱ्या पायाने हे एका दिवसात केलं. मंगळवारी तो सुजला नसता तरच नवल.

माझ्या डाव्या गुडघ्याचं हेच ऑपरेशन चार वर्षांपूर्वी झालं, त्यामुळे हे नुसतं वाचून सांगत नाही. या दुखण्यात माणसाला वाईट दिवस फसवत नाहीत. वाईट दिवशी आपण आपोआप जपून असतो. फसवतो तो चांगला दिवस. महिना-दीड महिना अडून राहिलेली घरातली सगळी कामं त्या दिवशी डोळ्यांपुढे उभी राहतात, आणि दुखत नाही म्हणजे बरं झालं असं वाटतं. सांध्याचं उत्तर मात्र लगेच येत नाही. ते रात्री नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी येतं. तुम्ही धीर संपला म्हणता, पण सहा आठवडे तुम्ही रोज व्यायाम केलात, ती वही भरली, म्हणजे धीर होताच. तो कमी पडला तो सोमवारी, ओटा पुसून झाल्यावर “आता पुरे” म्हणण्यापुरता.

आता “अर्धाच” या शब्दाकडे. तुम्ही शिवणारी बाई, तुम्हाला हे एका ओळीत कळेल. ब्लाउजची एकच बाही बदलायची म्हटली तरी खांद्याची शिवण उसवावीच लागते. गुडघ्याचे तीन भाग असतात: आतल्या बाजूचा, बाहेरच्या बाजूचा आणि वाटीच्या मागचा. तुमचा आतला भाग झिजला होता, म्हणून तिथेच मांडीच्या हाडाला धातूची टोपी, नळीच्या हाडावर धातूची पट्टी आणि मधे प्लास्टिकची गादी बसवली. बाकीचे दोन भाग आणि मधले लिगामेंट, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारे पट्टे, तुमचेच राहिले. पुढे हा गुडघा आपल्यासारखा वाटतो तो त्यामुळेच, आणि साधारणपणे पूर्ण गुडघा बदललेल्यांपेक्षा हे लोक लवकर हिंडूफिरू लागतात हेही खरं. पण कातडी कापली गेली, सांध्याचं वेष्टण उघडलं गेलं, हाड तासलं गेलं. तो राग शरीर अर्ध्यात आवरत नाही. सूज आणि गरमपणा तीन महिने, काहींना सहा महिनेही राहतो, संध्याकाळी जास्त. बधिरपणाचं कारण म्हणजे छेद घेताना कातडीतली बारीक नस कापली जाते. ते बहुतेकांना होतं. तो पट्टा हळूहळू लहान होतो, थोडासा कायमही राहू शकतो. चालण्याला त्याचा काही त्रास नाही. चालताना आत ‘टक्’ असा आवाज येत असेल तर त्यानेही दचकू नका. धातू आणि प्लास्टिक एकमेकांना लागल्याचा तो आवाज असतो.

थोडक्यात, तुम्ही लिहिलेल्या गोष्टींत मला ऑपरेशन फसल्याची एकही खूण दिसत नाही. तरी मी डॉक्टर नाही. सोमवारनंतरची सूज उतरली की नाही, हे एकदा तुमच्या सर्जनना दाखवून घ्या, म्हणजे मनातलं भूत जाईल. मात्र काही गोष्टींत एक दिवसही थांबायचं नाही. पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, ताप आणि थंडी भरली, टाक्यांतून पाणी किंवा पू आला, गुडघा लाल होऊन दुखणं दिवसागणिक वाढत गेलं, किंवा पायावर भारच देता येईना, तर त्याच दिवशी दवाखाना. छातीत दुखलं किंवा धाप लागली तर रिक्षा थांबवून थेट हॉस्पिटल, मग मध्यरात्र का असेना.

खालच्या वहिनींचं मी एवढंच म्हणेन की त्या ऑपरेशनआधी किती चालत होत्या, हे तुम्हाला माहीत नाही. तुम्ही चार वर्षं लंगडत काढलीत. त्या चार वर्षांत तुमच्या उजव्या मांडीने कामच केलेलं नाही, सगळं डावीने ओढलं. नवीन गादी एका सकाळी बसवता येते, मांडीचा स्नायू तसा बसवता येत नाही.

या स्नायूचीच एक गोष्ट सांगते. माझ्या ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट मुलीने पाय लांब करून बसवलं आणि म्हणाली, “मांडी आवळा, वाटी वर सरकली पाहिजे.” मी आवळली. म्हणजे मनाने आवळली. पायात काहीच झालं नाही. वाटी जागची हलेना. दुखत नव्हतं, हेच जास्त भीतीदायक होतं. माझाच पाय, मी सांगतेय आणि तो ऐकतच नाही. तिने माझा हात धरून मांडीवर ठेवला. कणकेसारखी मऊ लागली. ती म्हणाली, सांध्यात सूज असली की हा स्नायू झोपतो, त्याला रोज हाक मारावी लागते. सहाव्या की सातव्या दिवशी हाताखाली काहीतरी थरथरलं आणि वाटी तांदळाच्या दाण्याएवढी सरकली. म्हणून सांगते, तुमच्या सोमवारचं नुकसान नुसत्या दुखण्याचं नाही. सूज वाढली की मांडी पुन्हा झोपते, आणि मांडी झोपली की जिना अवघड होतो.

तर आता कामाचं. तुमची शिवणाची टेप गळ्यातच असेल. सकाळी पलंगावरून उतरायच्या आधी, पाय सरळ ठेवून, वाटीच्या मधोमध गुडघ्याचं माप घ्या. रात्री झोपताना पुन्हा. हा माझा घरगुती हिशोब आहे, डॉक्टरांचा नाही, पण मला त्याने वाचवलं. आजचं सकाळचं माप कालच्या सकाळपेक्षा अर्धा इंच जास्त आलं तर आज निम्मं काम: व्यायाम हलके, पाय उशांवर उंच, फडक्यात गुंडाळून बर्फ १५-२० मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. माप तेवढंच असेल तर कालच्यात एकच गोष्ट वाढवा. खाली उतरायचं असेल त्या दिवशी मशीन नाही. तुम्ही कापडाचा अंदाज कधी डोळ्याने घेतला नसेल, मग गुडघ्याचा का घेता?

१०५ अंशांची चिंता सोडा. सपाट चालायला साधारण ६०-७० अंश पुरतात, जिन्याला आणि खुर्चीतून उठायला ९०-१०० च्या आसपास. तुमच्या घरातली बहुतेक कामं त्यात बसतात. पण तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही: पाय सरळ किती होतो? वाकतो किती ते सगळे विचारतात, सरळ होतो का ते कुणी विचारत नाही. गुडघा पूर्ण सरळ झाला नाही तर लंगडणं राहून जातं. म्हणून तो लोड आज रात्रीपासून काढा. मला माहीत आहे, त्याने बरं वाटतं. पण रात्रभर गुडघा वाकलेल्या जागी आखडतो. कुशीवर झोपलात तर दोन्ही गुडघ्यांच्या मधे उशी घ्या. आणि दुपारी पेपर वाचताना टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा आपल्या वजनाने खाली जाऊ द्या. पाच मिनिटांपासून सुरू करा. पलंगावर टाच मागे-पुढे सरकवायच्या व्यायामाला टाचेखाली प्लास्टिकची पिशवी घ्या, चादर अडत नाही.

काठी चुकीच्या हातात आहे. ऑपरेशन उजव्या पायाचं, म्हणजे काठी डाव्या हातात, आणि ती उजव्या पायाबरोबर पुढे पडली पाहिजे. जिन्यात एक हात कठड्याला. चढताना आधी डावा पाय, उतरताना आधी उजवा. पिशवी हातात नकोच. गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून खाली सोडा, भाजीवाला भरून देईल.

मशीनची आठवण तुम्हाला गुडघ्यापेक्षा जास्त छळतेय असं मला वाटतं. ३५ वर्षं ज्या आवाजावर दिवस चालला तो बंद पडला की घर परकं वाटतं. पायमशीनला जोर घोट्याचा लागतो, त्यामुळे ती कायमची बंद झालेली नाही. अडचण आहे ती गुडघा एकाच कोनात फार वेळ ठेवण्याची. आधी पाय स्टुलावर ठेवून हातकाम करा: हूक, काज, तुरपाई. फिजिओथेरपिस्टना मशीनचं पायडल कसं चालवता ते दाखवा आणि त्यांनी हो म्हटलं की दहा मिनिटं मशीन, मग उठून घरात दोन फेऱ्या. मशीनला मोटर बसवून घेता आली तर डाव्या पायानेही चालेल. गौरीच्या ऑर्डरींपैकी निम्म्या आजच परत करा. बायका रागावणार नाहीत. ३५ वर्षं तुम्ही त्यांच्या वेळा पाळल्यात.

गणपतीला खाली मांडी घालून बसायचं या वर्षी मनातसुद्धा आणू नका. पुढे जमेल का, हे सर्जनना विचारा, तुमच्या पायाकडे बघून तेच सांगू शकतात. मखर उंच टेबलावर, तुम्ही खुर्चीत. उकड सून असेल तर तिने, नाहीतर यजमानांनी मळावी, तुम्ही टेबलापाशी बसून मोदकाच्या कळ्या काढा. बोटांचं काही ऑपरेशन झालेलं नाही.

राहिले तुमचे यजमान. तुम्ही लिहिलंय की ते काही बोलले नाहीत. मला वाटतं, त्यांना बोलायला जागाच सापडली नसेल. ३८ वर्षं घरात तुम्ही उभ्या आणि ते बसलेले असं असणार. आता तुम्ही बसलेल्या, आणि त्यांना करता येण्यासारखं एकच काम त्यांना सापडलं, ती वही. तुम्ही चिडलात ती त्यांच्यावर नाही, त्या आकड्यावर. पण वही त्यांची होती. हे त्यांना त्याच शब्दांत सांगा. “चुकलं माझं” इतकंच म्हणून थांबू नका. “तुम्ही आकडा विचारला की मला परीक्षेसारखं वाटतं, त्याऐवजी व्यायामाच्या वेळी शेजारी येऊन बसा” असं नेमकं काम द्या. माणसाला कुठे उभं राहायचं ते कळलं की तो गॅलरीत जात नाही.

आणि रडू रोज येत असेल, जेवण नकोसं झालं असेल, काहीच करावंसं वाटत नसेल, आणि हे दोन आठवडे चाललं असेल, तर ते लपवू नका. मोठ्या ऑपरेशननंतर, अपुऱ्या झोपेत, मन खचतं. त्यालाही औषध आणि आधार असतो. डॉक्टरांना गुडघ्याइतकंच स्पष्ट सांगा. सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा १४४१६ या नंबरवर आहे, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

ती वही आज मागून घ्या. पानं सुटली असतील तर तुमच्याकडे सुई-दोरा आहे, दोन टाके घाला. मग नव्या पानावर आजची तारीख आणि टेपचं माप तुम्ही सांगा, आणि लिहू द्या त्यांना.

तुमची
ताई