राज्याचा परवाना, केंद्राचा व्हिसा

न्यू जर्सीत २१ एप्रिल २०२२ पासून वयाची २१ वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही दुकानात जाऊन गांजा विकत घेता येतो. सहा औंसांपर्यंत जवळ बाळगला तर राज्याचे पोलीस हटकत नाहीत. कॅलिफोर्नियात आणि न्यूयॉर्कमध्ये थोड्याफार फरकाने हेच आहे. त्यामुळे "इथे चालतं ना?" हा प्रश्न कॉलेजात जाणारी मुलं विचारतात, आणि हल्ली त्यांचे आईबाबाही. आमचं उत्तर सरळ आहे. अमेरिकन नागरिकाला राज्यापुरतं चालतं. एच-वन (नोकरीचा), एच-फोर (एच-वनवाल्याच्या कुटुंबाचा), एफ-वन (विद्यार्थ्याचा) व्हिसा किंवा ग्रीन कार्डवर असलेल्याने या वाटेला अजिबात जाऊ नये.

व्हिसा, ग्रीन कार्ड, नागरिकत्व हा सगळा कारभार केंद्राचा, म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारचा आहे. केंद्राच्या १९७० च्या नियंत्रित पदार्थांच्या कायद्यात गांजा बसलेला आहे, आणि राज्याने दुकानाला परवाना दिला म्हणून त्या यादीतून त्याचं नाव निघत नाही. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने तो त्या यादीतल्या सगळ्यात कडक पहिल्या वर्गातून सौम्य तिसऱ्या वर्गात हलवण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा अनेकांना वाटलं की आता सुटलो. पण इमिग्रेशनचा कायदा वर्ग कुठला हे पाहत नाही, पदार्थ यादीत आहे की नाही एवढंच पाहतो. वर्ग बदलल्याच्या बातमीने हुरळून जाऊ नका.

लोक सगळ्यात जास्त फसतात ते कबुलीपाशी. अटक नाही, खटला नाही, शिक्षा नाही, तरीही "हो, मी ओढला होता" अशी अधिकाऱ्यापुढे दिलेली रीतसर कबुली प्रवेश नाकारायला पुरेशी ठरू शकते. हा प्रश्न विमानतळावर येतो, मुंबईच्या वकिलातीत मुलाखतीला येतो, आणि ग्रीन कार्डच्या वैद्यकीय तपासणीत तर हमखास येतो. ती तपासणी करणारा डॉक्टर सरकारने नेमलेला असतो. तो तुमचा घरचा डॉक्टर नव्हे. गप्पांच्या ओघात निसटलेलं "कधीतरी वीकेंडला" हे वाक्य त्याच्या अहवालात उतरतं. त्याने व्यसनाचं निदान लिहिलं, तर सहसा १२ महिने पूर्ण बंद ठेवून पुन्हा तपासणीला जावं लागतं. तेवढ्यात ग्रीन कार्डच्या रांगेत कुणाचा नंबर लागला हे ठरवणारी कट-ऑफ तारीख मागे सरकली, तर वर्षानुवर्षं थांबलेली फाइल पुन्हा अडकते.

म्हणून खोटं बोलायचं का? मुळीच नाही. महत्त्वाच्या गोष्टीत खोटं बोलल्याचं सिद्ध झालं तर आयुष्यभराची प्रवेशबंदी लागू शकते, आणि ती गांजापेक्षा सोडवायला कठीण. पूर्वी काही घडलं असेल तर अर्ज भरण्याआधी, तपासणीची वेळ घेण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेटा. बोलून झाल्यावर गेलात तर त्याच्या हातात फारसं काही उरत नाही.

ग्रीन कार्डवाल्यांनी ३० ग्रॅमचा आकडा नीट समजून घ्यावा. स्वतःसाठी ३० ग्रॅमपर्यंत गांजा बाळगल्याचा एकच गुन्हा सिद्ध झाला तर तेवढ्यावरून देशाबाहेर काढत नाहीत, ही सवलत खरी आहे. पण ती देशात राहणाऱ्याला. तोच माणूस गणपतीला पुण्याला जाऊन परत आला की विमानतळावर तो नव्याने प्रवेश मागणारा धरला जाऊ शकतो, आणि प्रवेशाच्या कलमात अशी आपोआप सूट नाही. वेगळी माफी मागावी लागते. असा निकाल अंगावर असेल तर तिकीट काढण्याआधी वकील गाठा.

आयटीवाल्यांसाठी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. एप्रिल २०१९ मध्ये नागरिकत्व खात्याने लेखी मार्गदर्शन काढलं की परवानाधारक गांजा कंपनीत नोकरी केली, तरीही नागरिकत्वासाठी लागणारी 'चांगल्या वर्तणुकी'ची अट मोडू शकते. स्वतः कधी शिवला नसलात तरी. गांजाच्या दुकानांसाठी बिलिंगची प्रणाली लिहिण्याचं कंत्राट आलं तर सही करण्याआधी विचारा. नागरिकत्वाच्या अर्जात साधारण मागची पाच वर्षं तपासली जातात, नागरिकाशी लग्न झालं असेल तर तीन.

आता घरातलं. आपल्याकडे धूर नको म्हणून गमी, म्हणजे गांजा घातलेल्या चघळायच्या गोळ्या, आणल्या जातात, आणि त्याच जास्त दगा देतात. एका गमीत साधारण १० मिलिग्रॅम टीएचसी (गांजातलं नशा आणणारं द्रव्य), पाकिटात १००. ओढलेला गांजा काही मिनिटांत चढतो. खाल्लेला यकृतातून जातो, त्याला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो. "काहीच होत नाही" म्हणून दुसरी खाल्ली की दोन्ही एकदम चढतात. भारतातून आलेल्या आजीआजोबांनी साधी गोळी समजून खाल्ली, तर छाती धडधडणं, चक्कर, भ्रम होतो, आणि रक्तदाबाची औषधं चालू असतील तर पडण्याची भीती मोठी. लहान मूल तर अख्खं पाकीट संपवतं. घरात कुणी नागरिक असेल आणि आणतच असेल, तर मूळ वेष्टनात, कुलूपबंद, स्वयंपाकघराबाहेर. कुणी चुकून खाल्लं तर १-८००-२२२-१२२२ हा विषबाधेचा मोफत क्रमांक, रात्रंदिवस चालू. वेष्टन हातात ठेवून फोन करा, किती मिलिग्रॅम ते विचारतात. मूल उठत नसेल किंवा श्वास मंद वाटत असेल तर थेट ९११.

"होळीला भांग चालते की" हा युक्तिवादही ऐकू येतो. भारताच्या १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे फुलोरा. फुलोऱ्याशिवायची नुसती पानं त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून भांगेला वाट मिळाली. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात मात्र पानही गांजाच. उलट दिशेनेही सूट नाही. अमेरिकेत पावती घेऊन विकत घेतलेलं पाकीट मुंबईला नेलं तर तो भारतात अमली पदार्थ आयात करण्याचा गुन्हा, आणि अल्प प्रमाण असलं तरी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. मुलगा हॉस्टेलवरून परस्पर विमानतळावर येणार असेल तर त्याला आदल्या रात्री फोन करून जॅकेटचे खिसे, लॅपटॉपच्या बॅगेचा पुढचा कप्पा आणि व्हेपची (ई-सिगारेटची) कार्ट्रिज असलेली पाउच उलटी करून बघायला सांगा. मित्राची उसनी घेतलेली बॅग असेल तर ती दोनदा.