एजन्सीमार्फत फॉरेन्सिक लॅबमध्ये लागताय? पगाराच्या आधी पदनाम बघा

तुमचा प्रश्न वाचला आणि जुनं दुखणं वर आलं. एमएस्सी फॉरेन्सिक झालंय, एका सरकारी लॅबमध्ये एजन्सीमार्फत ११ महिन्यांची 'टेक्निशियन'ची ऑफर आहे, पंचवीसएक हजार म्हणतायत, जावं का आणि पुढे कायम करतील का, असं विचारलंय तुम्ही. मी याच दारातून आत गेलो होतो, टॉक्सिकॉलॉजीत, म्हणजे विषतपासणीच्या विभागात. आज कायम नोकरीत आहे, पण त्या कंत्राटामुळे नाही. कंत्राट असूनही, असं म्हणा.

कायम करतील का? धरून चालू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या उमादेवी निकालापासून कंत्राटावर घेतलेल्या माणसाला कायम होण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. २०१६ चा जगजित सिंग निकाल 'समान काम, समान वेतन' म्हणून सगळे एकमेकांना पाठवत असतात. तो चांगला आहे, पण एजन्सीमार्फत लागलेला माणूस कागदोपत्री लॅबचा नसतोच, त्यामुळे त्याला त्या निकालाचा आधार घेणं फार अवघड जातं. (मी वकील नाही. वाद असेल तर सेवाविषयक प्रकरणं चालवणारा वकील गाठा.)

आता पगार. महाराष्ट्राच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांच्या (म्हणजे राज्याच्या फॉरेन्सिक लॅबच्या) २०२४ च्या गट क भरतीत वैज्ञानिक सहायकाला एस-१३, म्हणजे ३५,४०० ते १,१२,४०० अशी वेतनश्रेणी होती. वरिष्ठ प्रयोगशाळा सहायकाला एस-८, मूळ वेतन २५,५०० पासून. मुंबईत, म्हणजे कलिन्याच्या लॅबमध्ये, वैज्ञानिक सहायक म्हणून लागलात आणि महागाई भत्ता ५५ टक्के धरला, तर ३५,४०० वर १९,४७० भत्ता, ३० टक्क्यांनी १०,६२० घरभाडं, एकूण ६५,४९० होतात. वाहतूक भत्ता वेगळा. त्यातून एनपीएसचे (पेन्शन योजनेचे) दहा टक्के म्हणजे ५,४८७ आणि प्रोफेशनल टॅक्सचे दोनशे गेले तरी साठच्या आसपास हातात येतात. शेजारच्या टेबलावर तेच विसेराचे (शवविच्छेदनात काढलेल्या अवयवांचे) बरणीवजा डबे उघडणारा कंत्राटी पोरगा पंचवीसवर असतो.

त्या पंचवीसचंही नीट विचारून घ्या. बऱ्याच एजन्सी १५,००० च्या मर्यादेवरच पीएफ भरतात, म्हणजे १,८०० तुमचे. पण मालकाच्या वाट्याचे १,८०० सुद्धा तुमच्याच आकड्यातून वळते केलेले असतात आणि ते स्लिप हातात पडेपर्यंत कळत नाही. "इनहँड किती" हे मेलवर लिहून मागा. तोंडी सांगितलेलं सगळं हवेत जातं.

पण खरं नुकसान पगारात झालं नाही. ते एका ओळीत झालं.

कंत्राट संपल्यावर काही काळाने एका सरकारी संस्थेची जाहिरात आली. प्रयोगशाळेतल्या विश्लेषणाच्या कामाचा अनुभव हवा होता, आणि तो माझ्याकडे भरपूर होता: एक्सट्रॅक्शन, टीएलसी, जीसीला नमुने लावणं (दोन्ही नमुन्यातले रासायनिक घटक वेगळे करायच्या पद्धती), दारूबंदीच्या केसेसचे रक्ताचे नमुने, सील तपासून मुद्देमाल रजिस्टरला घेणं. लेखी परीक्षा झाली, नाव यादीत आलं. कागदपत्र पडताळणीला समोरच्या बाईंनी अनुभव प्रमाणपत्र वाचलं, पेन्सिलने एका शब्दाखाली रेघ मारली आणि कागद माझ्याकडे फिरवला. पदनाम: डेटा एंट्री ऑपरेटर. "यात प्रयोगशाळा कुठेय?" त्यांचंही चूक नव्हतं. त्यांना कागद बघायचा असतो.

झालं असं होतं की एजन्सीला दिलेल्या कार्यादेशात (वर्क ऑर्डरमध्ये) 'तंत्रज्ञ' असं पदच नव्हतं. कुशल, अर्धकुशल, अकुशल असे रकाने होते, आणि कुशलमध्ये बसणारं जे पद बिलाला सोयीचं ते आम्हाला चिकटवलेलं. लॅबच्या आस्थापना शाखेत गेलो तर, "तुमचा मालक एजन्सी, आम्ही प्रमाणपत्र देऊ शकत नाही." एजन्सीत गेलो तर, "आम्ही कार्यादेशाप्रमाणे देतो, लॅबकडून लिहून आणा." ज्या साहेबांच्या हाताखाली काम केलं त्यांनी तोंडभर कौतुक केलं, पण लेटरहेडवर दोन ओळी लिहायला त्यांना 'वरून' परवानगी हवी होती. ती वर गेली ती गेलीच. भरतीची मुदत कोणासाठी थांबत नाही. ती जागा गेली.

या कार्यालयांचा राग मला अजून येतो, कारण कोणी लाच मागितली नाही, कोणी उद्धट बोललं नाही. चहासुद्धा पाजला. फक्त सहीला कोणी पुढे आलं नाही.

शेवटी कागद मिळाले ते माहिती अधिकारातून. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराला ३० दिवस, झेरॉक्सला पानामागे दोन रुपये. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांत लागतो, म्हणून वेगवेगळे अर्ज करा. एकात कार्यादेश आणि त्याची अनुसूची मागा, दुसऱ्यात तुमच्या नावाचे हजेरीपट आणि विभागात काम वाटून दिल्याचे आदेश. 'माझा अनुभव प्रमाणित करा' असं लिहिलंत तर फेटाळतील, कारण तिथे अस्तित्वात असलेला कागद मागता येतो, नवा करून घेता येत नाही. मला हे सगळं मिळालं तेव्हा उपयोगाची वेळ निघून गेली होती. तुमच्याकडे अजून वेळ आहे.

म्हणून रुजू व्हायच्या आधी नियुक्तिपत्रात पदनाम, विभाग आणि लॅबचं नाव या तिन्ही गोष्टी छापून घ्या. एजन्सी म्हणेल, "आमचा फॉरमॅट ठरलेला आहे." मग लॅबकडून कामावर हजर करून घेतल्याचं पत्र मागा, त्यात विभाग येतोच. दोन्ही नाकारलं तर माझ्या मते जाऊ नका, आकडा कितीही बरा असो. घरची परिस्थिती मला माहीत नाही, त्यामुळे हे माझं मत म्हणूनच घ्या. जायचंच असेल तर तिथे राहून अभ्यास कराल की नाही हे आधी ठरवा. मी नमुन्यांच्या ढिगात अभ्यास विसरलेले पुष्कळ पाहिले.

आणि एक. पुरावा म्हणून केसपेपरचे, बाटल्यांवरच्या लेबलांचे किंवा सीए रिपोर्टचे (रासायनिक विश्लेषण अहवालाचे) फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवू नका. कोणीतरी तुम्हाला हा सल्ला देईलच. ते तपासाचे कागद आहेत, फोटो बाहेर गेला तर नोकरी राहू दे, गुन्हा अंगावर येईल. आपली हजेरी, आपल्या नावाचे आदेश, आपली पगाराची स्लिप, बस.

नव्या कायद्यामुळे जागा वाढतील का, हेही तुम्ही विचारलंय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) प्रमाणे सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात घटनास्थळी फॉरेन्सिक तज्ज्ञ जायला हवा, आणि त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत सवलत आहे. माणसं लागणारच. ती कायम घेतात की एजन्सीमार्फत, प्रश्न तेवढाच. आणि फॉरेन्सिकची पदवी आहे म्हणून रांगेत पुढे जागा मिळेल हा समज सोडा. केमिस्ट्रीवाले तुमच्याच जागांना बसतात आणि त्यांचं इन्स्ट्रुमेंटेशन पक्कं असतं. फॅक्ट ही फॉरेन्सिकची अभियोग्यता परीक्षा देऊन ठेवा, सीएफएसएलच्या (केंद्राच्या फॉरेन्सिक लॅबच्या) जाहिरातींवर लक्ष ठेवा, नॉन-क्रिमिलेअर लागत असेल तर त्याची तारीख आजच बघा.

ऑफर लेटर आलं की नाव आणि नंबर झाकून इथे टाका. पदनामाची ओळ बघून सांगतो.