चीनमध्ये टॅक्सीपुरतं चिनी शिकताय? मग इथून सुरुवात करा

पहिल्यांदा पुस्तकातले धडे बाजूला ठेव, शांघायला उतरल्यावर टॅक्सीत लागतात ते आठ-दहा शब्द, तेच आधी घोटून घे. ड्रायव्हरला हाक मारायची ‘शर्-फू’ म्हणून, आपण ‘दादा’ म्हणतो ना तसं मानाचं आहे ते. ‘वो याओ छ्यू’ म्हणजे मला जायचंय, पुढे ठिकाण जोडायचं, विमानतळ असेल तर ‘जी-छांग’. डावीकडे ‘त्स्वो’, उजवीकडे ‘यो’.

खरी गडबड होते आकड्यांत. अॅपवरून गाडी बोलावली की ड्रायव्हर बहुतेक वेळा ‘वेइ-हाओ’ विचारतो, म्हणजे तुझ्या मोबाइल नंबरचे शेवटचे चार आकडे, आणि फोन नंबर सांगताना एकला ‘ई’ नाही तर ‘याओ’ म्हणतात, हे अगदी पाठच करून टाक.

रोमन स्पेलिंगवर विसंबू नकोस, तिथला d आपल्या त सारखा आणि t आपल्या थ सारखा, म्हणून उच्चार सरळ देवनागरीत लिहून ठेव, फक्त सूर, म्हणजे शब्द बोलतानाचा आवाजाचा चढउतार, ऐकूनच शीक बाबा. उतरताना ‘फा-प्याओ’ म्हणून पावती मागच, सामान गाडीत राहिलं तर पावतीवरचा गाडी नंबर कामी येतो.