छापा पडल्यानंतरच्या महिन्यांसाठी

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद. तुमच्या गावाजवळच्या मांसाच्या कारखान्यावर इमिग्रेशनवाल्यांचा छापा पडला आणि तू वर्गातल्या चौघांना घेऊन मदतीला निघाली आहेस. जरूर जा. पण धान्याच्या पिशव्या गाडीत भरण्याआधी हे वाच.

असाच छापा पूर्वी पोस्टविलला पडला होता. पोस्टविल हे अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं गाव, वस्ती जेमतेम दोन हजारांवर. 12 मे 2008 रोजी तिथल्या कोशर (ज्यू धर्माच्या नियमांनुसार तयार केलेल्या) मांसाच्या कारखान्यातून 389 कामगार पकडले, बहुतेक ग्वाटेमालाचे. आयोवातल्याच वॉटर्लू शहरात गुरांच्या प्रदर्शनाच्या मैदानावर तात्पुरती कोर्टं उभारून थोड्या दिवसांत खटले उरकले. बहुतेकांना 5 महिन्यांची कैद झाली आणि मग देशाबाहेर रवानगी. लहान मुलं असलेल्या काही बायकांना सोडलं, पण घोट्याला ट्रॅकर बांधून. तो चार्ज करायचा म्हणजे भिंतीतल्या प्लगशेजारी पाय लांब करून बसून राहायचं. काम करायची परवानगी नाही, नवरा तुरुंगात. घरभाडं कोण भरणार? सेंट ब्रिजेट या तिथल्या कॅथलिक चर्चने ते ओझं उचललं आणि महिनोन् महिने वाहिलं.

मदत पहिल्या आठवड्यात भरभरून येते. टीव्हीवाल्यांच्या गाड्या गेल्या की आटते, आणि भाडं थकायला लागतं ते नेमकं त्यानंतर. म्हणून जमलेल्या पैशांतले निम्मे तिसऱ्या-चौथ्या महिन्यासाठी बाजूला काढून ठेव. कुणी कितीही आग्रह केला तरी त्यांना हात लावू नकोस.

पहिल्या रात्री घरच्यांचा एकच प्रश्न असतो: आमचा माणूस आहे कुठे? इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर शोधता येतं. ए-नंबर (इमिग्रेशन खात्याने माणसाला दिलेला क्रमांक) आणि जन्मदेश असेल तर लवकर सापडतो. ए-नंबर नसेल तर नाव आणि जन्मदेश घालायचा, पण नाव नोंदीत आहे तसंच्या तसं लागतं, आणि तिथेच गाडी अडते. या लोकांची आडनावं दोन. पहिलं घालून बघ, दुसरं घालून बघ, दोन्ही घाल, क्रम उलटा कर. नाही सापडलं तर तासाभराने पुन्हा बस. कंटाळवाणं काम आहे, पण त्या रात्री याहून मोठी मदत नाही.

दुभाषा आधीच गाठून ठेव. ग्वाटेमालाच्या अनेकांची घरची भाषा स्पॅनिश नसून माम किंवा किचे या तिथल्या माया लोकांच्या भाषांपैकी असते. स्पॅनिश ऐकून मान हलवणाऱ्या बाईला कोर्टाचा कागद कळलाच असं समजू नकोस. सह्यांच्या बाबतीत तर फारच जप. वकिलाने पाहिल्याशिवाय कशावरही सही नको, हे प्रत्येक घरात सांग. इमिग्रेशन कोर्टात सरकार फुकट वकील देत नाही, त्यामुळे पैसे उकळणारे बिनवकिली सल्लागार लगेच उगवतात. तूही कायद्याचा सल्ला देऊ नकोस. खात्रीच्या वकिलापर्यंत पोचव.

मुलांकडे आधी बघ. 7 ऑगस्ट 2019 रोजी मिसिसिपीतल्या चिकनच्या कारखान्यांतून सुमारे 680 जणांना पकडलं, तेव्हा काही मुलांचा शाळेचा पहिलाच दिवस होता. शाळेतून त्यांना घरी आणायला कुणाचं नाव दिलंय, आईवडील दोघंही नसतील तर मुलाचा ताबा कुणाकडे, हे लेखी हवं. मुलाला आईबापांमागे देशाबाहेर जायचं तर पासपोर्ट हवा, आणि अमेरिकेत जन्मलेल्या 16 वर्षांखालच्या मुलाच्या पासपोर्टला दोन्ही पालकांची संमती लागते. बाप कोठडीत असेल तर त्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र मिळवावं लागतं. यात आठवडे जातात. केलेल्या कामाचा थकलेला पगारही मागायला लाव. कागदपत्रं नसली तरी तो त्यांच्या हक्काचा आहे.

कुणाचं इमिग्रेशन स्टेटस काय, म्हणजे कोण कायदेशीर कागदांवर राहतंय आणि कोण नाही, हे विचारू नकोस आणि वहीत तर अजिबात लिहू नकोस. नाव, घरात किती माणसं, काय हवंय, एवढं पुरे. ती वही उद्या कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही.

आपल्या मंडळात कुणीतरी म्हणेलच, "आम्ही रांगेत उभं राहून आलो." मला या वाक्याचा फार राग येतो. आपल्याला उभं राहायला रांग तरी होती. बाराही महिने कोंबड्या कापणाऱ्या माणसाला रीतसर व्हिसा मिळणं जवळपास अशक्य आहे. तरी वाद घालू नकोस. ज्यांना पटतंय त्यांच्याकडून दरमहा ठरावीक रक्कम कबूल करून घे.

आणि तू स्वतः विद्यार्थी व्हिसावर आहेस. निघण्याआधी तुझ्या विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात आणि एखाद्या वकिलाकडे विचार, काय करणं तुझ्यासाठी सुरक्षित आहे. त्यांचं उत्तर आलं की मला फोन कर, मग कामं वाटून घेऊ.

तुझी,
मावशी