एवढा जून होऊ दे, मग बंद कर

चि. बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा निरोप पोचला. शाळेच्या गणवेशांचं दुकान बंद करायचं ठरलं, अण्णांनीही मान हलवली, आणि आता रात्री झोप लागत नाही म्हणतेस. आपलं चुकतंय का, असं विचारलंस. चुकत नाही, बाळा. तुमच्या दुकानाची ऑर्डर वर्षानुवर्षं माझ्या वहीत उतरते. पांढऱ्या शर्टांचे गठ्ठे दर हंगामाला कसे कमी होत गेले, ते मला तुझ्याइतकंच दिसतंय. तेव्हा मनात किंतु ठेवू नकोस. बंद कसं करायचं, एवढ्यासाठीच हे पत्र.

गावात लोक म्हणतील, ऑनलाइनने खाल्लं. तू मान डोलावू नकोस. तुमचा धंदा आधी मोडला तो 2020 आणि 2021 च्या कोरड्या जूनने. अण्णांनी नेहमीसारखा जानेवारी-फेब्रुवारीत माल भरला होता आणि मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. पोरं घरात बसून वाढली. पुन्हा शाळेत आली तेव्हा साठवलेले मापाचे शर्ट त्यांना होईनात, आणि दोन शाळांनी तोवर चेक्सच बदलले होते. त्यातून सावरायच्या आत इंग्रजी शाळांनी ठरावीक विक्रेते गाठले आणि विक्री शाळेच्याच हॉलमध्ये सुरू झाली. शाळेच्या आवारात असला व्यापार करू नका, असं सीबीएसईने 2017 साली आपल्या शाळांना बजावलं होतं. पण पालक तक्रार कुठे करतात! पोर त्याच शाळेत शिकायचं असतं.

मग जिल्हा परिषदेच्या शाळा. एका गणवेशाला सरकारचे 300 रुपये, दोनाला 600. त्या पैशात नफा कसला? पण शाळा व्यवस्थापन समिती गावातल्या दुकानात यायची, मास्तर चहा प्यायचे, आणि त्या ओळखीवर बाकीचं गिऱ्हाईक टिकायचं. 2024-25 ला सरकारने ‘एक राज्य एक गणवेश’ म्हणत कापड वरून दिलं आणि शिलाई बचत गटांकडे सोपवली. कित्येक शाळांतल्या पोरांनी 15 ऑगस्टचं झेंडावंदन जुन्याच कपड्यांत केलं. डिसेंबर 2024 मध्ये निर्णय फिरला आणि अधिकार परत समित्यांकडे आले. आम्ही सोलापूरकर त्या वर्षाला तगलो, कारण आमचा माल दहा राज्यांत जातो. इथे 2017 च्या जानेवारीत गणवेशाचं पहिलं प्रदर्शन भरलं तेव्हापासून बाहेरचे व्यापारी थेट दारात येतात. तालुक्याच्या दुकानाला दुसरं गिऱ्हाईक कुठलं? एक हंगाम हुकला की वर्ष गेलं. यात अण्णांचा दोष नाही आणि तुझाही नाही. हे त्यांना एकदा तुझ्या तोंडून ऐकू दे.

आता मुद्द्याचं. येत्या जूनच्या आधी शटर ओढू नकोस. तुमच्यावर अवलंबून असलेल्या शाळांना आत्ताच लेखी कळव की हा शेवटचा हंगाम. शाळा पुढची सोय मार्चच्या आत बघतात. मे महिन्यात कळवलंस तर पालक उन्हातान्हात शहराच्या चकरा मारतील आणि चार दशकांचं नाव त्या एका महिन्यात जाईल. जून-जुलै मनापासून कर. दुसरा जोड, मोजे, फाटलेल्या पॅंटा, सगळं ऑगस्टपर्यंत चालतं. मग आवर.

यंदा माल नव्याने भरू नकोस. असलेला माल आधी नीट बघ. साधा पांढरा शर्ट, नेव्ही ब्लू आणि राखाडी पॅंट, काळे-पांढरे मोजे हे कुठल्याही दुकानात जातं. न फोडलेले गठ्ठे मी खरेदीच्या भावाने परत घेतो, त्यात भीड नको. खरी पंचाईत बिल्ल्याच्या मालाची. खिशावर शाळेचं चिन्ह शिवलं की तो शर्ट त्या एका शाळेपुरताच. हाउसचे टी-शर्ट, ट्युनिकचे चेक्स, पट्ट्यांचे टाय, सगळं तसंच. असल्या मालाला व्यापारी किलोवर भाव करतो. देऊ नकोस. जुलैत त्या त्या शाळेच्या पालकांना खरेदीच्या भावात दे. त्यातूनही उरलं तर मुख्याध्यापकांच्या हवाली कर, गरजू पोरं त्यांना ठाऊक असतात. चालू शाळेचा गणवेश चिंध्यांच्या बाजारात दिसणं हे अण्णांना सोसणार नाही, आणि मलाही नाही.

माल उतरवण्याला आणखी एक कारण आहे. जीएसटीची नोंदणी रद्द करताना शिल्लक मालाच्या खरेदीत भरलेल्या कराचं घेतलेलं क्रेडिट परत भरावं लागतं. म्हणजे विकला न गेलेला माल दोनदा बोचतो. धंदा थांबला की 30 दिवसांत रद्द करण्याचा अर्ज, आणि रद्द झाल्यावर तीन महिन्यांत शेवटचं विवरणपत्र. शॉप अ‍ॅक्टलाही कळवायचं. हे सीएकडून करून घे, स्वतः डोकं घालू नकोस. जागा पागडीची आहे, तेव्हा मालकाशी तोंडी काही ठरवू नकोस. आधी वकील, मग चहा.

उधारीची वही तू आणि अण्णा मिळून चाळा. पालकांकडे असलेलं पाच-सहाशे एकदा मागायचं, दुसऱ्यांदा नाही. संस्थांकडे अडकलेलं मात्र सोडायचं नाही. बॅंडपथकाचे ड्रेस, स्नेहसंमेलनाचे ब्लेझर, शिपायांचे गणवेश, यांची बिलं वर्षं वर्षं पडून असतात, आणि दुकान बंद झाल्यावर ती कुणी काढत नाही. पाटी आहे तोवर वसूल कर. माझी बाकी सगळ्यात शेवटी. मी काही कुठे पळून जात नाही.

कटिंग मास्तर आणि घरी शिलाई करणाऱ्या बायका, यांचं सगळ्यात आधी. कायद्याने ग्रॅच्युइटी दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे लागते. तुमच्याकडे तेवढी नाहीत, म्हणून कुणी सांगेल की देणं लागत नाही. मी सांगतो, दे. हिशेब तोच धर, शेवटच्या पगारावर दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार. एकरकमी जमत नसेल तर तीन हप्ते पाड, पण कागदावर लिहून मास्तरांच्या हातात दे. शिलाई मशीन आणि ओव्हरलॉक विकायला काढशील तेव्हा पहिला भाव त्यांना विचार. काज-बटणाचं काम करणाऱ्या बायकांचे नगावरचे पैसे चुकूनही मागे राहू देऊ नकोस. ती रक्कम तुझ्या हिशेबात बारीक दिसेल, त्यांच्या घरात दिसत नाही.

एक वस्तू तुझ्या लक्षात येणार नाही म्हणून सांगतो. काउंटरच्या खालच्या खणात मापाचे पुठ्ठे आहेत आणि त्यांना टाचलेले कापडाचे तुकडे. प्रत्येक शाळेचा एक. लॉट बदलला की शेड बदलते, म्हणून अण्णा नवा तागा आला की दारात उजेडात नेऊन तुकड्याशी लावून बघायचे आणि जुळला नाही तर मला परत पाठवायचे. फार राग यायचा तेव्हा. त्या पुठ्ठ्यांवर पेन्सिलीने लिहिलंय कोणत्या शाळेच्या ट्युनिकला किती चुण्या, आणि हाफ पॅंटला खाली किती दाब सोडायचा. तो दाब ते नेहमीपेक्षा जास्त सोडत. पोराची आई म्हणायची, वाढत्या अंगाचा द्या. अण्णा ढगळ कपडा कधी माथी मारत नसत. मापाचाच देत आणि म्हणत, पुढच्या जूनमध्ये घेऊन या, उलगडून देतो. आणि खरंच एक पैसा न घेता उलगडून टीप मारून देत. निम्मं गिऱ्हाईक त्या एका टिपेने बांधलेलं होतं. हे पुठ्ठे रद्दीत घालू नकोस. तुमच्याकडे शिलाईला असलेल्यांपैकी जी बाई पुढे स्वतःचं काम करेल, तिला दे. शाळांची नावं आणि मुख्याध्यापकांची ओळखही करून दे. तिला दुकान लागत नाही. एक मशीन आणि हे पुठ्ठे असले तरी आसपासच्या दोन-तीन शाळांचं काम तिचं चालेल.

अण्णांना हंगामभर काउंटरवरच बसव. हिशेब, माल आणि शाळांची पत्रं तू बघ, टेप त्यांच्या गळ्यात राहू दे. पुढचं वर्ष त्यांना जड जाणार, त्यावर माझ्याकडे औषध नाही. पण गावात माप घ्यायला बोलावणारे कुणी ना कुणी निघतील. गेले तर जाऊ दे, अडवू नकोस.

रविवारी सकाळच्या गाडीने मी येतो. मालाची यादी आपण दोघं करू, अण्णांना दुपारी बोलावू. गेल्या तीन हंगामांची खरेदीची बिलं काढून ठेव आणि बिल्ल्याचा माल शाळेवार वेगळा लाव. काकूला म्हणावं, जेवायला आहे.

तुझा,
काका
सोलापूर