हनोईतल्या साध्या, स्वस्त खानावळीत काय खावे? घरात निम्मे शाकाहारी आहेत.

मांसाहारी असाल तर दुपारी बुन चा खाच. कोळशावर भाजलेले डुकराचे मांस आंबट-गोड पातळ रसात येते, सोबत तांदळाच्या शेवया आणि परडीभर हिरवा पाला. तो पाला सजावटीचा नाही. हाताने तोडून वाडग्यात घाला, त्याशिवाय चव पुरी होत नाही. २०१६ मध्ये बराक ओबामा टीव्हीवरचे शेफ अँथनी बोर्डेन यांच्यासोबत हनोईत प्लास्टिकच्या स्टुलावर बसून हेच जेवले होते. दोघांचे बिल सुमारे ६ डॉलर झाले.

फो, म्हणजे तांदळाच्या शेवया घातलेला गरम रस्सा, सकाळी घ्या. 'फो बो' गोमांसाचा, 'फो गा' कोंबडीचा. रस्सा आधी तसाच चाखा, लिंबू-मिरची नंतर.

शाकाहाऱ्यांनी मात्र खरेच जपून राहायला हवे. भाजीची थाळी दिसली तरी तिच्यात बहुधा माशाचा सॉस, न्युक माम, असतो. लसूण घालून परतलेली नाळीची भाजी सगळीकडे मिळते (मला फार आवडते), पण सॉस नको हे आधी सांगावे लागते. त्यापेक्षा 'कम चाय' पाटीची बौद्ध शाकाहारी खानावळ शोधा. टोफू, मशरूम, भात, पोटभर आणि स्वस्त. चांद्र महिन्याच्या १ आणि १५ तारखेला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास, अनेक स्थानिक लोक शाकाहार पाळतात, त्या दिवशी तिथे गर्दी असते. लवकर जा.

टेबलावरचा पाकीटबंद ओला रुमाल फोडलात तर त्याचे थोडे पैसे बिलात लागू शकतात.